कोंबडी उंबऱ्याच्या आत घ्यायची का?



आज खरं तर घेवड्याच्या पेरणीबद्दल लिहायचं होतं. पण गेल्या आठवड्यात चौघांनी मला एकच व्हिडिओ पाठवला. परदेशातली एक बाई आहे. तिच्या सोफ्यावर तांबडी कोंबडी बसलीय, कोंबडीला मागून कापडी लंगोट बांधलाय आणि बाई टीव्ही बघत तिच्या पाठीवरून हात फिरवतीय. एकानं खाली लिहिलं होतं, "दादा, आता हाच जोडधंदा करू." एका ताईंनी मात्र मनापासून विचारलंय, "आमच्या मुलीला अशीच घरात कोंबडी पाळायचीय. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. जमेल का? तुमच्याकडं कोंबड्या आहेत म्हणून विचारते."

ताईंना दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण घरात घेतलेल्या कोंबडीनं गेल्या उन्हाळ्यात आमचं खुराडं कसं मोकळं झालं, ते मी इथं कधी लिहिलं नाही. चूक माझी होती, म्हणून लिहायचं टाळत होतो. आता लिहितो. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा. लसीची गोष्ट शेवटी आहे आणि तीच सगळ्यात कामाची आहे.

आधी एक कबूल करू. घरात कोंबडी ही आपल्याला नवी गोष्ट नाही. मी लहान होतो तेव्हा आमचं घर धाब्याचं, मातीच्या भिंतींचं. माजघरात चुलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात बांबूचं डालगं असायचं. दिवस मावळला की आजी कोंबड्या गोळा करायची, बोटांवर मोजायची, डालग्याखाली झाकायची आणि वर दगड ठेवायची. मुंगूस, रानमांजर, घूस, साप, सगळ्यांना कोंबडीची वाट माहीत होती. खुडूक झालेली कोंबडी तर आत कणगीशेजारीच टोपलीत बसवलेली. एकवीस दिवस तिच्या बाजूनं पाय न वाजवता जायचं, नाहीतर आजीची शिवी ठरलेली. त्यामुळं परदेशातल्या बाईला कोणी येडी म्हणायला लागलं की मी त्यात पडत नाही. आपल्याही कोंबड्या माणसांच्या घोरण्यात झोपलेल्या आहेत.

पण त्यात दोन गोष्टी होत्या, त्या आपण विसरतो. एक म्हणजे कोंबडी घरात फक्त झोपायला यायची. तांबडं फुटलं की डालगं उचललं जायचं आणि ती दिवसभर उकिरड्यावर, परड्यात, गोठ्यात. दुसरी गोष्ट जमिनीची. खालची जमीन मातीची. सकाळी पहिलं काम म्हणजे विष्ठेवर राख टाकून खरडून उकिरड्यात टाकणं, आणि आठ-पंधरा दिवसांनी शेणानं सारवणं. वर धाब्याला गवाक्ष होतं, हवा खेळती होती. आणि एवढं करूनही त्या काळी लेकरांना जुलाब होत नव्हते असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. होत होते. कशानं होतात ते कोणी शोधत नव्हतं, एवढंच. जुनं ते सगळं सोनं, असं मला तरी म्हणवत नाही.

आता गेल्या वर्षीचं सांगतो.

माझी बहीण पुण्यात असते. भाच्यानं जत्रेत रंगीत पिल्लं घेतली, एक गुलाबी आणि एक हिरवं. वीस रुपयाला एक. ही पिल्लं कुठून येतात ते शहरातल्या लोकांना ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. अंड्यावरच्या कोंबड्यांची जी हॅचरी असते, तिथं निम्मी पिल्लं नर निघतात. ती अंडी देणार नाहीत, आणि ब्रॉयलरसारखी सहा आठवड्यांत मांसालाही येणार नाहीत. धंद्याला ती निरुपयोगी. मग ती कवडीमोलानं बाहेर पडतात, कोणीतरी रंगात बुडवतं आणि जत्रेत, सिग्नलला विकतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण पस्तीस अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायची. तिथं त्याला मिळतो पंखा, बुटाचा खोका आणि लेकराची मूठ. हिरवं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. आईबापांना वाटतं पिल्लू रोगट होतं. बहुतेक वेळा ते थंडीनंच मरतं.

गुलाबी मात्र जगलं. रंग उडून पांढरा कोंबडा झाला. नाव ठेवलं राजा. बाथरूम आणि गॅलरी एवढंच त्याचं राज्य. पाचव्या महिन्यात तो पहाटे चारला आरवायला लागला. शेजाऱ्यांनी आधी हसून घेतलं, मग कुरकुर केली, मग सोसायटीची चिठ्ठी आली. मे महिन्याच्या सुट्टीत राजा खोक्याला भोकं पाडून एसटीनं मामाच्या गावाला आला.

मंडळी, त्या कोंबड्याला माती माहीत नव्हती. अंगणात सोडला तर एक पाय वर धरून उभाच राहिला. नखं वाढून वाकडी झालेली, कारण फरशीवर उकरायला काय आहे? वाळवीचं ढेकूळ पुढं फोडलं तर बाकीच्या कोंबड्या तुटून पडल्या आणि हा मागं सरला. संध्याकाळी खुराड्यात जायचं असतं हे त्याला कळेना, तो दाराशी येऊन बसायचा. आमच्या दोन कोंबड्यांनी तासाभरात त्याचा तुरा फोडला. धाकटी सहावीत आहे. तिनं त्याला उचलून आत आणलं, आणि तो सोप्यात राहायला लागला.

"पप्पा, त्याला एकट्याला करमत नाही," ती म्हणाली. खरंच होतं. कोंबडी कळपातली जात आहे. एकटी ठेवली की दिवसभर ओरडते, नाहीतर माणसाच्या पायात पायात करते. आपण म्हणतो किती लळा लागलाय! तिला दुसरं कोणी नसतं म्हणून ती आपल्याला धरून राहते. मी आठवडी बाजारातून साडेतीनशेची एक तलंग आणली, त्याला सोबत म्हणून. आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, बाजारातली कोंबडी तशीच आणू नका. पंधरा दिवस गोठ्याच्या पलीकडं बांधा."

मी म्हणालो, "घरात ठेवतोय म्हणजे वेगळीच आहे की."

त्या एका वाक्यानं सगळं घालवलं.

चौथ्या दिवशी तलंग मलूल झाली. पिसं फुगवून एका जागी बसून राहिली, हिरवट पातळ हगायला लागली, तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. धाकटीनं तिला खोक्यात घालून शेगडीच्या ओट्याखाली ठेवलं, ऊब मिळावी म्हणून. ड्रॉपरनं पाणी पाजलं, हळदीचा लेप लावला. जीव लावून केलं पोरीनं. आणि त्याच हातांनी, त्याच चपलांनी, तीच वाटी घेऊन ती खुराड्याकडं जात होती. आजारी कोंबडीनं न खाल्लेला भरडा वाया जाऊ नये म्हणून बाकीच्यांना टाकत होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

सातव्या दिवशी तलंग मान वाकडी करून, गोल गोल फिरून मेली. नंतर तीन दिवसांनी खुराड्यातली पहिली गेली. मग राजा गेला. मग रोज दोन, कधी तीन. तेवीस कोंबड्या आणि दोन कोंबडे होते. अकरा दिवसांनी सहा कोंबड्या उरल्या. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात एक मेलेली कोंबडी नेली. डॉक्टरांनी कापून जठराच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके दाखवले. म्हणाले, "मानमोडी. लस कधी दिली होती?"

मी गप्प बसलो. मागच्या वर्षी दिली होती, या वर्षी उसाच्या पाण्याच्या नादात राहिली.

ज्यांच्या घरी गावरान कोंबड्या आहेत त्यांना हा हिशेब सांगायला नको, पण कृषीच्या पोरांसाठी सांगतो. तेवीस गावरान कोंबड्या म्हणजे दिवसाला सरासरी चार-पाच अंडी. आमच्याकडं अंडं बारा रुपयाला जातं. महिन्याला दीड हजाराच्या आसपास. वर आखाडात चार-पाच कोंबडे विकायचे. हा सगळा पैसा घरच्या बाईचा असतो. बचत गटाचा हप्ता त्यातून, पोरीच्या वह्या त्यातून, आईच्या गोळ्या त्यातून. त्याला आपण सातबारावर धरत नाही, कर्जमाफीत धरत नाही, आणि गेला तर पंचनामाही होत नाही. मंडळी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. खड्डा खणला, मेलेल्या कोंबड्यांवर चुना टाकून पुरल्या, खुराडं खरडलं आणि पुढचे तीन हप्ते मजुरीला जाऊन भरले. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि भाचा दर फोनला विचारायचा, "मामा, राजा आरवतो का?" महिनाभर मी "हो" म्हणालो. मग खरं सांगितलं.

आता माझं मत सांगतो. कोंबडी राहण्यासाठी उंबऱ्याच्या आत नको. फ्लॅटमध्ये तर नकोच. का ते आधी कोंबडीच्या बाजूनं बघू.

कोंबडीचा निम्मा दिवस उकरण्यात जातो. पोट भरलेलं असलं तरी ती उकरते. दुपारी कोरड्या मातीत नाहीतर राखेत लोळून धूळस्नान करते, त्यानं उवा-पिसवा आणि पिसांमधला तेलकटपणा जातो. ऊन घेते. रात्री उंचावर, चार जणींच्या अंगाला अंग लावून बसते. यातलं फरशीवर काय मिळतं? गुळगुळीत फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर वाढवलेल्या लहान पिल्लांचे पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि मग कायमचे तसेच राहतात. घरातला दिवा रात्री अकरापर्यंत चालू राहतो. अंड्यासाठी कोंबडीला चौदा-सोळा तास उजेड पुरतो. त्याहून जास्त उजेडात ती अंडं वाढवत नाही, नुसती थकते. कोंबडीला घाम येत नाही, उन्हाळ्यात ती तोंड उघडून धापा टाकते आणि सावलीतली गार माती शोधते. बंद खोलीत शोधणार कुठं?

आणि तो लंगोट. कोंबडी खाते जवळपास सव्वाशे ग्रॅम, आणि तेवढ्याच्या आसपास ओली विष्ठा टाकते. तिचं लघवीचं वेगळं काम नाही, सगळं एकत्र, आणि वेळकाळ नाही. तो लंगोट दर दोन-तीन तासांनी बदलला नाही तर ती घाण तिच्याच अंगाला चिकटून राहते. खालची कातडी ओली राहिली की माशी बसते, अळ्या पडतात. शिवाय लंगोट घालून ना धूळस्नान होतं, ना चोचीनं पिसं नीट करता येतात. व्हिडिओत हे दिसत नाही.

आता माणसाच्या बाजूनं. चांगल्या धडधाकट कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. कोंबडीला काही होत नाही, पण माणसाला जुलाब, ताप, उलट्या होतात. पाच वर्षांच्या आतली लेकरं आणि म्हातारी माणसं यांना तो जास्त सोसत नाही. ज्या अमेरिकेतून असले व्हिडिओ येतात, तिथल्याच सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, सल्ला आहे की कोंबड्या घरात, विशेषतः जिथं स्वयंपाक होतो तिथं आणू नका, त्यांचे मुके घेऊ नका आणि हात लावल्यावर साबणानं हात धुवा. आमची आजारी तलंग शेगडीच्या ओट्याखाली होती, आणि वर भाकरी थापली जात होती. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

दुसरा मुद्दा हवेचा. विष्ठा ओली राहिली की अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात. पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ बारीक असते. काहींच्या फुप्फुसांना तिची ॲलर्जी होते. आमच्या आईला आधीच दमा. राजा सोप्यात राहायला लागल्यापासून तिचा खोकला वाढला होता. मी म्हटलं, वळवाची हवा आहे. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात पक्षी आहे का?" आई मात्र अजूनही माझ्यावर वाद घालते, "आरं, आमच्या वक्ताला डालगं उशाशी असायचं. कुनाला काय झालं न्हाई." मी तिला म्हणतो, तेव्हा दार उघडं असायचं आणि कोंबडी दिवसभर रानात असायची. ती म्हणते, "मंग आताबी दार उघड." यावर माझ्याकडं उत्तर नाही. आमच्या नव्या घराला ग्रिल आहे, जाळी आहे, आणि दार लावलेलंच असतं.

तिसरा मुद्दा बर्ड फ्लूचा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, तेव्हा गावाच्या एक किलोमीटर परिसरातल्या कोंबड्या नष्ट केल्या. अशा वेळी पथक आलं की शेडमधली, परड्यातली आणि गादीवरची असा फरक करत नाही, करताही येत नाही. घाबरवायला लिहीत नाही. नीट शिजवलेलं अंडं आणि मटण खायला हरकत नाही, अफवांनी आपलाच भाव पडतो. पण रोज बिछान्यात घेतलेल्या कोंबडीच्या बाबतीत आजारी-मेलेल्या पक्ष्याला हात न लावण्याचा नियम कोणी पाळत नाही. लेकरू तिला मिठी मारूनच रडणार.

आता उलटी बाजूही लिहायला हवी, नाहीतर हे एकतर्फी होईल.

तलंग आजारी आहे हे माझ्या आधी धाकटीला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच ती म्हणाली होती, "पप्पा, ती दाणे टोचते पण गिळत नाही." मी म्हटलं, नवीन जागा आहे, होतं असं. तेव्हाच उचलून लांब बांधली असती तर? पाच हजारांच्या शेडमध्ये एका पक्ष्यानं गिळलं की नाही हे कोणाला दिसत नाही. तिथं पाण्याचं आणि खाद्याचं माप पडलं की मालकाला जाग येते. घरातल्या कोंबडीकडं मात्र कोणीतरी सतत बघत असतं. कुठलं अंडं कोणाचं हे आमच्या मंडळी नुसत्या रंगावरून आणि आकारावरून सांगतात. हे बघणं फार मोलाचं आहे. ज्या माणसाला घरात कोंबडी ठेवावीशी वाटते, त्याच्याकडं ही नजर असते. म्हणून मी त्या ताईंच्या मुलीला हसणार नाही. उलट अशी पोरं पुढं पशुवैद्यक व्हावीत.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. फ्लॅटमध्ये कोंबडी नको. रंगीत पिल्लू तर अजिबात घेऊ नका. तुम्ही एक घेतलं की विकणारा उद्या दोन रंगवतो. मुलीला सुट्टीत गावाकडं, कोणाच्याही खुराड्यापाशी पाठवा, जमलं तर एकवीस दिवस. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, सातव्या दिवशी अंधारात टॉर्च धरून आतल्या शिरा बघायच्या, रिकामी अंडी काढायची, आणि एकविसाव्या दिवशी कवच आतून टोचलं जाताना कान लावायचा. ते बघितलेलं लेकरू लंगोटवाल्या व्हिडिओकडं वळून बघणार नाही. आणि तुमचं बैठं घर असेल, मागं चार हात मातीची जागा असेल, शेजाऱ्यांची हरकत नसेल, तर तीन-चार तलंगा पाळा. एकटी नको. कोंबडा नको. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो.

गावाकडच्या मंडळींसाठी, आम्ही आता काय करतो ते लिहितो.

१. खुराडं पडवीच्या भिंतीला लागून, पण बाहेर. जमिनीपासून दोन फूट वर. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, म्हणजे मुंगसाचं तोंड शिरत नाही. रात्रीपुरतं एका कोंबडीला दीड-दोन चौरस फूट. आत बसायला गोल दांडा.

२. एका फुटक्या घमेल्यात राख आणि कोरडी माती, पत्र्याखाली. पावसाळ्यात कोंबड्यांना कोरडी माती मिळत नाही आणि तेव्हाच उवा वाढतात.

३. बाजारातली किंवा पाहुण्यांनी दिलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी. वेगळी म्हणजे गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला. तिची वाटी वेगळी, तिच्याकडं जायच्या चपला वेगळ्या. आधी चांगल्या कोंबड्यांचं काम, नंतर तिचं. उलट कधी नाही.

४. आजारी कोंबडी घरात नाही आणि कळपातही नाही. एकाच माणसानं बघायची. तिचं उष्टं दुसऱ्यांना नाही. मेली तर उकिरड्यावर किंवा ओढ्यात फेकायची नाही, चुना टाकून खोल पुरायची. एकाच वेळी बऱ्याच मेल्या तर लगेच दवाखान्यात कळवायचं, लपवायचं नाही.

५. लेकरांनी कोंबडीला हात लावायचा, जरूर लावायचा. पण खुराड्याच्या बाजूलाच नळ आणि साबण ठेवलाय.

आता लसीचं. मानमोडीची लस स्वस्त आहे. तरी आपल्या बायका देत नाहीत, आणि त्याला लोक अडाणीपणा म्हणतात. तो अडाणीपणा नाही. लसीची कुपी येते शंभर, दोनशे, पाचशे पक्ष्यांची. बाईकडं कोंबड्या पंधरा. कुपी दुकानापासून घरापर्यंत बर्फात आणायची, आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवायची, उरलेली फेकायची. पंधरा कोंबड्यांसाठी शंभरांची कुपी आणून पंच्याऐंशी डोस मातीत ओतायला कोणाचा हात धजेल? मोठ्या शेडला सोयीची व्यवस्था आहे ती. परसातल्या बाईचा तिथं कोणी विचार केलेला नाही, आणि देशातल्या गरिबांच्या कोंबड्या तर परसातच आहेत. लहान कुपी सहज मिळायला हवी, ही माझी कृषी आणि पशुसंवर्धनातल्या वाचकांकडं मागणी आहे. तुमच्यातले काही जण हे वरपर्यंत पोचवू शकता.

तोवर आम्ही वस्तीवर उपाय काढलाय. अकरा घरं, मिळून एकशे नव्वद पक्षी. बचत गटाच्या बैठकीत दिवस ठरतो. एक जण थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो. लस पहाटे द्यायची, कोंबड्या खुराड्यात असतानाच, म्हणजे मागं पळावं लागत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमच्या दोन बायकांना शिकवलंय. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी पंखाखाली टोचून, आणि त्याआधी आठवडाभर जंताचं औषध. पुढचं दर वर्षीचं उन्हाळ्याआधी, डॉक्टरांना विचारून. आजारी पक्ष्याला लस द्यायची नाही. खर्च वाटून घेतला तर एका कोंबडीला चहाच्या कपापेक्षा कमी पडतो. एवढ्या कोंबड्या गेल्यावर मला हा हिशेब सुचला.

उरलेल्या सहांपासून आता एकोणीस झाल्यात. दोन खुडूक बसवल्या होत्या, बाकीची पिल्लं खात्रीच्या ठिकाणाहून लस दिलेली आणली. धाकटीनं वही घातलीय. प्रत्येक कोंबडीचं नाव, कधी बसवली, लस कधी दिली, सगळं त्यात. सध्या एकीचं नाव सरपंचीण आहे, कारण ती सगळ्यांना टोचते आणि सगळ्यांच्या आधी जेवते.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. सरपंचीण नऊ पिल्लं घेऊन तडक सोप्यात शिरली. मी हुसकवायला उठलो तर आई म्हणाली, "आसू दे रं, पाऊस उघडंस्तवर. लेकुरवाळी हाय." मी बसलो. अर्ध्या तासानं पाऊस थांबला, धाकटीनं त्यांना बाहेर काढलं, राख टाकून फरशी पुसली, हात धुतले आणि वहीत लिहिलं. एवढ्यापुरतं उंबऱ्याच्या आत यायला कोणाची ना नाही.

तुमच्या वस्तीवर लसीची कुपी वाटून घ्यायची काही रीत आहे का? बर्फ कुठून आणता, टोचतं कोण, पैसे कसे वाटता, ते खाली लिहा. घेवड्याचं पुढच्या आठवड्यात.